परदेशातली ओपन आणि ६४व्या पटावरचा आपला खेळाडू

बुद्धिबळातल्या टाटा स्टील किंवा कँडिडेट्ससारख्या बड्या स्पर्धा बघायला फार काही करावं लागत नाही. चौदा नाहीतर आठ खेळाडू, सगळे पट समोर, समालोचक तासन्‌तास बोलत असतात. आपण चहा घेऊन बसायचं. ओपन, म्हणजे कुणालाही नाव नोंदवून खेळता येणारी स्पर्धा, तिचं तसं नाही. दोनशे-अडीचशे खेळाडू, पंचवीसतीस देश, एका मोठ्या सभागृहात टेबलांच्या रांगा. कॅमेरा पहिल्या चार पटांवर, आणि आपल्याला ज्याची काळजी आहे तो नागपूरचा किंवा फोंड्याचा मुलगा ६४व्या पटावर, खांबाच्या पलीकडे. त्याचा डाव दाखवत नाहीत, त्याचं नाव समालोचनात येत नाही. तरी घरबसल्या त्याची स्पर्धा नीट पाहता येते. गेली आठ-नऊ वर्षं मी तेच करतोय, त्यातून जमलेली ही पद्धत.

उदाहरणासाठी रेक्याविक ओपन घेऊ. आइसलंडची ही स्पर्धा १९६४ साली सुरू झाली आणि पहिलीच मिखाईल तालने जिंकली. आपल्याशीही तिचं नातं चांगलं आहे: २०१६ ला अभिजित गुप्ता, २०१८ ला अधिबन आणि २०२२ ला प्रज्ञानंद असे तीन भारतीय विजेते. पण विजेत्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येतंच. हा लेख उरलेल्यांसाठी आहे.

आधी यादी

बहुतेक ओपनचा सगळा हिशेब चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर असतो. ऑस्ट्रियातून चालणारं हे संकेतस्थळ दिसायला जुन्या रेल्वे आरक्षणाच्या पानासारखं आहे, पण कामाला पक्कं. स्पर्धा शोधली की सुरुवातीची क्रमवारी उघडा. त्यात प्रत्येक खेळाडूपुढे देशाचं तीन अक्षरी नाव असतं, आपलं आयएनडी. वरच्या भागात देश निवडायची सोय असते. आपला देश निवडला की सगळे भारतीय एकाच पानावर, फेरीगणिक निकालांसह येतात. ज्यांना हे पान माहीत नसतं ते बिचारे रोज दोनशे नावं खाली-वर करत बसतात. स्पर्धा संपून काही दिवस झाल्यावर पान अर्धवट दिसलं तर घाबरू नका. तपशील दाखवण्याचं एक बटण असतं, ते दाबलं की सगळं उघडतं.

शोधताना नावांचा घोळ होतो. महाराष्ट्रातली माणसं आडनावाने शोधायला जातात आणि हात हलवत परत येतात. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नोंदीत विदित गुजराथीचं नावच ‘विदित, संतोष गुजराथी’ असं आहे, म्हणजे वर्णानुक्रमात तो जी अक्षराखाली सापडत नाही, व्ही अक्षराखाली सापडतो. अभिमन्यू पुराणिक मात्र पुराणिकच आहे. त्यात पाटील, जोशी, कुलकर्णी आडनावाची दोन-तीन मुलं एकाच स्पर्धेत असली की विचारूच नका. म्हणून एकदाच प्रत्येकाचा फिडे क्रमांक काढून ठेवा. नावाचं स्पेलिंग बदलतं, क्रमांक बदलत नाही.

ही यादी स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत हलत राहते. व्हिसा न मिळाल्याने नावं गळतात, कुणी उशिरा पोचतो आणि पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळता मिळणारा अर्धा गुण, घेतो. म्हणून महिनाभर आधीच्या यादीवरून ‘यंदा आपली इतकी मुलं’ असं कुणाला सांगत सुटू नका.

मग वही घ्या. खरोखरची वही, मोबाइलमधली नव्हे. रात्री डोळे मिटत असताना तीच बरी पडते. पाच नावं लिहा, सहावं नको. मी सगळे भारतीय पाहायचा प्रयत्न एका वर्षी केला आणि चौथ्या फेरीनंतर कोण कुठे आहे हे मलाच सांगता येईना. पाच निवडताना एक वरचा ग्रँडमास्टर (बुद्धिबळातला सर्वोच्च किताब), दोन नॉर्मच्या, म्हणजे किताबासाठी लागणाऱ्या ठरावीक कामगिरीच्या, शोधातले, एक मुलगी आणि एक अगदी लहान, कमी रेटिंगचा (रेटिंग म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा) असं मिश्रण ठेवलं की प्रत्येक फेरीत कुणाच्या ना कुणाच्या पटावर काहीतरी घडत असतं. नावापुढे सुरुवातीचा क्रमांक, रेटिंग, वय आणि ‘याला इथे काय हवंय’ हे लिहा. सगळ्यात महत्त्वाचा रकाना शेवटचा. २३९० चा मुलगा ३८वा आला हे चांगलं की वाईट, ते त्या रकान्याशिवाय कळत नाही.

जोड्या वाचता यायला हव्यात

ओपन स्विस पद्धतीने चालते. पहिल्या फेरीत यादी मधोमध कापतात आणि वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी भिडवतात. २०० खेळाडू असतील तर १ विरुद्ध १०१, २ विरुद्ध १०२. पुढच्या फेऱ्यांत समान गुण असलेल्यांचे गट करून त्या गटातही साधारण तसंच. रंगांचा तोल राखतात, आणि एकदा खेळलेली जोडी पुन्हा लागत नाही.

यातून निघणारी गोष्ट लक्षात ठेवा: यादीच्या मध्यावर असलेल्या खेळाडूचा प्रवास झोपाळ्यासारखा असतो. ९५वा असेल तर पहिल्या फेरीत तळाचा, सोपा विरोधक. जिंकला की दुसऱ्या फेरीत थेट मोठा ग्रँडमास्टर. हरला की पुन्हा सोपा. त्यामुळे चार फेऱ्यांनंतर दोन गुण म्हणजे निराशा असं समजू नका. ते दोन गुण कुणाविरुद्ध आले ते बघा.

आणि हो, आपलेच आपल्याशी भिडतात. पालकांची ही कायमची तक्रार असते: ‘विमानाचं तिकीट काढून सात समुद्रापलीकडे गेलो आणि तिसऱ्या फेरीत पुण्याच्याच क्लासमधला मुलगा समोर!’ तक्रार समजण्यासारखी आहे, पण स्विस पद्धतीला गावकी-भावकी कळत नाही. रेक्याविकला २०२२ साली शेवटच्या फेरीत प्रज्ञानंदसमोर गुकेश बसला होता. प्रज्ञानंदने तो डाव जिंकला आणि साडेसात गुणांनी स्पर्धाही जिंकली. अशा फेरीला कुणाची बाजू घ्यायची हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं, नाहीतर नुसती तगमग होते.

नव्या फेरीच्या जोड्या मागची फेरी संपल्यावर बऱ्याचदा तासाभरात लागतात. युरोपातल्या स्पर्धेत याचा अर्थ आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. सकाळी बघा, काही बिघडत नाही.

घड्याळ

इथे थोडा वेळ घालवलात तर झोप वाचते. आइसलंडमध्ये घड्याळ वर्षभर हलवत नाहीत, त्यामुळे फरक कायम साडेपाच तासांचा. स्पेन, जर्मनी, फ्रान्समध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन तास, बाकीच्या काळात साडेचार. शारजा आणि दुबई दीड तासावर. संध्याकाळच्या फेऱ्या जेवताना पाहता येतात म्हणून घरच्यांना त्याच स्पर्धा आवडतात.

आता हिशेब. नेहमीची वेळमर्यादा अशी: पहिल्या ४० चालींना ९० मिनिटं, पुढे ३० मिनिटं, आणि पहिल्या चालीपासून प्रत्येक चालीला ३० सेकंद जादा. ४० चालींची ३० सेकंदांनी २० मिनिटं होतात. म्हणजे ४० चालींपर्यंत प्रत्येकाकडे ११० मिनिटं, दोघांची मिळून ३ तास ४० मिनिटं. फेरी आइसलंडमध्ये दुपारी तीनला सुरू झाली तर आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. ४०वी चाल साधारण १२ वाजून १० मिनिटांनी. डावातली खरी पडझड ३०व्या ते ४०व्या चालीत होते, कारण तेव्हा घड्याळात दोन-तीन मिनिटं उरलेली असतात. तेव्हा ज्यांना सकाळी ऑफिस आहे त्यांनी साडेआठला ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, बघत डोळे फोडू नयेत. सरळ झोपावं, साडेअकराचा गजर लावावा आणि पाऊण तास बघून पुन्हा पडावं. हत्ती-प्याद्यांची अंतिम अवस्था दीड वाजेपर्यंत चालते. ती सकाळी चहासोबत छान लागते.

थेट प्रक्षेपण बहुधा १५ मिनिटं मागे असतं. बाहेरून कुणी खेळाडूला चाली पोचवू नये म्हणून मुद्दाम ठेवलेला हा उशीर आहे. म्हणून चेस-रिझल्ट्सवर निकाल आधी आणि पटावर डाव अजून चालूच, असंही दिसतं. घोटाळा झालेला नसतो.

दिसणारे पट आणि न दिसणारे

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर जवळजवळ सगळ्या मोठ्या ओपनचं प्रक्षेपण फुकट दिसतं. पण त्यासाठी चाल ओळखणारे इलेक्ट्रॉनिक पट लागतात आणि ते महाग असतात. त्यामुळे बहुतेक ठिकाणी फक्त वरचे काही पट थेट असतात. कुठे दहा, कुठे तीस-चाळीस. आपला माणूस त्याखाली गेला की अंधार. अशा वेळी फक्त निकालाची वाट बघायची. चाली काही दिवसांनी मिळतात, काही वेळा कधीच नाही. मार्क क्रॉदरचं ‘द वीक इन चेस’ १९९४ पासून दर आठवड्याला जगभरचे डाव गोळा करून मोफत देतं. सोमवारी-मंगळवारी तिथे धुंडाळा. सागर शहा आणि अमृता मोकळ यांच्या चेसबेस इंडियावर भारतीयांच्या बातम्या आणि बरेचदा डावही येतात.

एक गंमत पहिल्या फेरीची. मधोमध कापलेल्या यादीमुळे खालच्या अर्ध्यातले वरचे खेळाडू बड्यांसमोर बसतात, म्हणजे थेट पटांवर येतात. माझी भाची स्पेनमधल्या एका ओपनला पहिल्यांदा गेली तेव्हा यादीत ती अशीच मध्याच्या जरा खाली होती. पहिलाच डाव एका ग्रँडमास्टरशी, थेट पटावर. अख्खं घर माझ्या लॅपटॉपसमोर. २८व्या चालीला इंजिनची, म्हणजे डाव कुणाच्या बाजूने आहे ते सांगणाऱ्या संगणकाची, पट्टी एकदम तिच्या बाजूने वर गेली आणि मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं, ‘जिंकतेय!’ आईने देवापुढे साखर ठेवली. वीस मिनिटांनी डाव बरोबरीत सुटला. तिने त्याच चाली तीनदा फिरवून बरोबरी घेतली होती. इंजिनला दिसलेला घोड्याचा बळी तिला दिसला नव्हता, आणि घड्याळात चार मिनिटं असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला तो दिसायची गरजही नव्हती. ग्रँडमास्टरशी बरोबरी, आणि आमच्या घरात मात्र सुतकी चेहरे. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला: “मामा, जिंकत कोण होतं, तू की मी?”

तेव्हापासून मी इंजिन बंद करून बघतो. तुम्हीही बघा. आधी घड्याळ, मग राजा किती उघडा आहे ते, मग मोहरी मोजायची. आपण जेवढं बघतो तेवढंच त्यांनाही दिसत असतं.

आणखी एक. डाव संपल्यावर पटावर दोन्ही राजे अचानक मधोमध उभे दिसतात. नवखा माणूस ओरडतो, ‘हे काय, राजा एकदम ई चार घरात?’ ती चाल नव्हे, निकाल कळवायची खूण आहे. दोन्ही राजे मधल्या पांढऱ्या घरांत ठेवले तर पांढरा जिंकला, दोन्ही काळ्या घरांत तर काळा; एक पांढऱ्यात, एक काळ्यात असेल तर बरोबरी. पट मध्येच गोठला, किंवा वजीर फुकट दिल्यासारखा दिसला, तर मात्र थांबा. बहुधा कुणाच्या कोपराचा धक्का लागलेला असतो आणि तांत्रिक माणूस दहा मिनिटांत दुरुस्त करतो.

तक्त्यातली अक्षरं

स्पर्धेच्या तक्त्यात प्रत्येक फेरीखाली आकडा, अक्षर, आकडा अशी जोडी असते. ४५, मग बी, मग १: म्हणजे ४५ क्रमांकाच्या खेळाडूशी काळ्या मोहऱ्यांनी खेळला आणि जिंकला. डब्ल्यू म्हणजे पांढरी. जर्मन पान उघडलं असेल तर काळ्यासाठी एस दिसेल. इथला ४५ हा सुरुवातीच्या यादीतला क्रमांक की सध्याच्या स्थानाचा, हे तक्त्यानुसार बदलतं. रकान्याचं शीर्षक बघा, नाहीतर भलत्याच माणसाला हरवल्याचा आनंद साजरा होतो. समान गुणांसाठी बुखोल्झ वगैरे असतं, म्हणजे विरोधकांच्या गुणांची बेरीज. बक्षिसाच्या टप्प्यात नसाल तर त्याकडे बघायचंही कारण नाही.

रेटिंगचा हिशेब वहीत करा

दोन आकडे लागतात: विरोधकाशी असलेला फरक आणि ‘के’. के म्हणजे रेटिंग किती वेगाने हलावं याचा गुणक. १८ वर्षांखालील आणि २३०० च्या आतल्या मुलांना ४०, एकदाही २४०० न गाठलेल्या मोठ्यांना २०, एकदा २४०० गाठलं की कायमचा १०.

समजा २३५० चा खेळाडू २४५० शी खेळतोय आणि त्याचा के २० आहे. १०० च्या फरकाला त्याच्याकडून ०.३६ गुणांची अपेक्षा असते. जिंकला तर ०.६४ गुणिले २०, म्हणजे १२.८ ची कमाई; बरोबरीला २.८, हरला तर ७.२ चा तोटा. माझ्या भाचीची ती सुतकी बरोबरी आठवा: फरक चारशेच्या वर, पण हिशेबात चारशेच धरतात, अपेक्षा ०.०८, के ४०. एका अर्ध्या गुणाने तिचं रेटिंग १६.८ ने वाढलं. साखर योग्यच ठेवली होती.

हे फक्त कागदी समाधान नव्हे. ग्रँडमास्टर व्हायला नॉर्मबरोबर एकदा २५०० गाठावं लागतं, आणि स्पर्धेच्या मध्येच, एका फेरीनंतर गाठलं तरी चालतं. मुंबईच्या आदित्य मित्तलचे तिन्ही नॉर्म झालेले होते, रेटिंग तेवढं बाकी होतं. डिसेंबर २०२२ मध्ये स्पेनच्या योब्रेगात ओपनच्या सहाव्या फेरीत त्याने फ्रान्सिस्को वायेहोशी बरोबरी केली आणि २५०० ओलांडले. भारताचा ७७वा ग्रँडमास्टर. नुसता निकाल बघणाऱ्याला त्या दिवशी एक साधी बरोबरी दिसली असणार.

नॉर्म

ग्रँडमास्टर नॉर्मसाठी किमान नऊ डाव, आणि त्यात २६०० रेटिंगच्या खेळाडूसारखी कामगिरी. विरोधकांच्या सरासरी रेटिंगवरून किती गुण लागतील ते ठरतं: सरासरी २४७५ असेल तर नऊपैकी ६, २४३४ असेल तर साडेसहा, २३८० असेल तर ७. त्याखाली सरासरी गेली की नॉर्म नाहीच. विरोधकांतले किमान तीन ग्रँडमास्टर हवेत. इंटरनॅशनल मास्टरच्या नॉर्मला पट्टी २४५० ची: सरासरी २३२५ ला ६ गुण.

म्हणून सहाव्या फेरीनंतर गुण किती यापेक्षा विरोधक कोण होते हे बघा. पहिल्या फेरीत २००० चा विरोधक आला असेल तर सरासरी कोसळते. नियमात एक सवलत आहे, सगळ्यात कमकुवत एका विरोधकाचं रेटिंग ग्रँडमास्टर नॉर्मसाठी २२०० धरता येतं. सातव्या फेरीपर्यंत दोनच ग्रँडमास्टर मिळाले असतील तर मुलगा जिंकूनही अडचणीत येऊ शकतो. आठव्या फेरीची जोडी लागते तेव्हा मी आधी त्याच्या विरोधकाच्या नावापुढचा किताब बघतो, रेटिंग नंतर.

विरोधक वेगवेगळ्या देशांचे असावेत असाही नियम आहे. मात्र प्रत्येक फेरीत यजमान देशाबाहेरचे किमान २० रेटिंगधारी खेळाडू, किमान तीन देशांचे, आणि त्यातले १० किताबधारी असले तर ती अट सुटते. मोठ्या परदेशी ओपनला गर्दी होते त्याचं हे एक कारण. गोव्याचा लिऑन मेंडोंसा २०२० च्या टाळेबंदीत वडिलांसोबत युरोपात अडकला. तिथेच राहून एकामागून एक स्पर्धा खेळत त्याने तिन्ही नॉर्म केले. शेवटचा इटलीतल्या वेरगानी चषकात. नॉर्मची वाट सोडून ग्रँडमास्टर होणंही शक्य आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून तो किताब थेट घेतला. पण तो रस्ता वहीत लिहून ठेवण्यासारखा नाही.

नॉर्म झाला म्हणजे ‘ग्रँडमास्टर झाला’ असं पोस्ट करू नका. स्थानिक पेपर दरवर्षी करतात ते पुरे.

फोन आणि सभागृह

खेळाडू ओळखीचा असेल तर फेरीच्या आधी तीन तास आणि हरल्यावर तो स्वतः बोलेपर्यंत फोन करू नका. सोबत गेलेल्या आई-वडिलांनाही नाही. ते हॉटेलच्या लॉबीत बसून तुमच्यासारखंच पान रिफ्रेश करत असतात, त्यात ‘काय झालं?’ असे चौदा मेसेज. ‘तो उंट का नाही मारला?’ हा प्रश्न तर कुठल्याच फेरीनंतर विचारायचा नाही.

आखातात किंवा युरोपात राहणारे मराठी लोक प्रत्यक्ष जाऊ शकतात. शारजा मास्टर्स शारजा कल्चरल चेस क्लबमध्ये भरते, रेक्याविक ओपन अनेक वर्षं समुद्राकाठच्या हार्पा सभागृहात भरली. जाताना फोन बंद करा, सायलेंट नव्हे. बऱ्याच ठिकाणी दारातच ठेवून घेतात. आपल्या मुलाच्या पाठीमागे उभे राहा, समोर नको, नजरानजर झाली की त्याचं लक्ष जातं. मराठीत ‘छान चाललंय’ एवढं पुटपुटलं तरी पंच बाहेर काढतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. त्यांना काय माहीत तुम्ही ‘छान’ म्हणालात की ‘घोडा एफ पाच’. फेरी संपल्यावर बाहेर डबा मात्र जरूर न्या. आठ दिवस पास्ता खाल्लेल्या मुलाला पोळी-भाजी दिली की तो हरलेला डावही आपणहून पहिल्या चालीपासून दाखवतो.